नाताळची खरेदी पितृपंधरवड्यात

मंगळदास मार्केटमधल्या ज्या दुकानातून मी कापड घेते, तिथले काका दरवर्षी मला एकच प्रश्न विचारतात. "बाई, या दिवसांत?" आणि मीही दरवर्षी तेच उत्तर देते, "हो काका, याच दिवसांत." मग ते हसतात, पोऱ्याला चहा आणायला पिटाळतात आणि एकेक तागा उलगडून समोर टाकायला लागतात. घाई त्यांना नसते आणि मलाही नसते. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसतं. हाच बाजार दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात पाहा. आत शिरायचं तर कोपरानं वाट काढावी लागते, आणि कापडाचा पोत बोटांनी नीट पाहीपर्यंत मागची बाई तुमच्या खांद्यावरून हात घालून तोच तागा ओढून घेते.

"या दिवसांत" म्हणजे पितृपक्षात. गणपती गेलेले असतात, घटस्थापना व्हायची असते. मधल्या या पंधरवड्यात बऱ्याच घरांत नवं कापड, दागिना, भांडं घेत नाहीत. ज्यांच्या घरी ही रीत आहे त्यांनी ती जरूर पाळावी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आमचं घर वसईतलं ख्रिस्ती. आमचा मोठा सण नाताळ, 25 डिसेंबरचा. म्हणून ज्या पंधरा दिवसांत सगळा कापडबाजार हातावर हात ठेवून बसलेला असतो, त्याच पंधरा दिवसांत मी घरच्या अकरा माणसांच्या नाताळच्या भेटींची निम्म्याहून अधिक खरेदी उरकते. माझ्या जाऊबाई याला "वहिनींचं वेड" म्हणतात. त्या स्वतः 20 डिसेंबरला निघतात आणि 23 तारखेला डोकं धरून बसतात.

हे शहाणपण मला जन्मतः नव्हतं, हे आधीच कबूल करते. लग्न होऊन वसईला आले तेव्हा मीही जाऊबाईंच्याच पंथातली होते. सण जवळ आल्याशिवाय खरेदीची मजाच येत नाही, असं मला वाटायचं. गल्लीगल्लीत चांदण्या लागल्या, चर्चमध्ये गोठ्याची तयारी सुरू झाली, हवेत जरा गारवा आला, की पिशवी घेऊन बाहेर पडायचं. ते सगळं खरंच छान वाटतं. पण 2018 सालच्या नाताळनं माझा तो पंथ बदलला.

त्या वर्षी ऑफिसचं काम, मुलीचं आजारपण, कसलं ना कसलं निमित्त होत गेलं आणि फ्रॉकचं कापड शिंप्याकडे टाकायला डिसेंबरची दहा तारीख उजाडली. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. कापडासोबत नवऱ्याच्या शर्टाचा आणि नणंदेच्या ब्लाउजचाही पीस होता. आमच्या नाक्यावरचे शिंपीदादा आमच्याच समाजातले, गेली कित्येक वर्षं घरातले कपडे तेच शिवतात. त्यांनी मागच्या कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटाचं दार लागत नव्हतं इतके गठ्ठे कोंबलेले होते. "यंदा नाही जमणार," ते म्हणाले. मी काय म्हटलं असेल? तुम्ही-आम्ही सगळ्या जणी म्हणतो तेच. "दादा, तुम्ही घरचे. आमचे तीनच तर कपडे आहेत. त्यात काय एवढं?" माणूस भिडस्त. त्यांनी कापड ठेवून घेतलं.

24 तारखेला रात्री साडेनऊला मी कपडे आणायला गेले. रात्रीच्या मिस्साला दीड-दोन तास उरले होते. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, बाहेर माझ्यासारख्याच सहा-सात बायका. कुणी ओरडतंय, कुणी लाडीगोडी लावतंय. आत दादा मशीनवर, त्यांची बायको ब्लाउजना हुक लावतेय, आणि खाली सतरंजीवर दहा वर्षांचा मुलगा शर्टांना बटणं लावत बसलेला. त्याचे डोळे मिटत होते. सुई बोटात घुसली की तो दचकायचा आणि पुन्हा दोरा ओवायचा. वरच्या फळीवर कागदी चांदणी होती, घडी न उलगडलेली. मी काहीतरी बोलायचं म्हणून वहिनींना विचारलं, "तुमच्याकडे गोठा केला का यंदा?" त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "वेळच नाही मिळाला." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस पडला म्हणतात, तसं म्हणाल्या.

फ्रॉक सुरेख झाला होता. लेकीनं घालून गिरक्या घेतल्या, सगळ्यांनी कौतुक केलं. मिस्सात मी दोनदा मागे वळून पाहिलं. ते तिघं कुठे दिसले नाहीत. आता दोन हजार माणसांच्या गर्दीत ती मला दिसली नसतील, हेही शक्य आहे. पुढे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, हेच खरं.

पुढच्या वर्षी मी पितृपक्षातच कापडं घेऊन त्यांच्या दुकानात गेले. दादा पेपर वाचत बसले होते, मशीनवर झाकण होतं. त्यांनी सांगितलेली गोष्ट मला तोवर खरंच माहीत नव्हती. शिंप्याचं वर्ष म्हणजे भरती-ओहोटी. गणपतीच्या आधी बरं काम, मग हा पंधरवडा कोरडा. नवरात्र ते दिवाळी श्वास घ्यायला फुरसत नाही. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, आणि तिच्याच पाठीवर आमच्याकडे नाताळ. म्हणजे आपण डिसेंबरात जातो तेव्हा तो माणूस अडीच महिने सलग वाकलेला असतो, आणि सप्टेंबरात मात्र, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "दोन-दोन दिवस मशीनवर कापड चढत नाही." दुकानाचं भाडं मात्र त्या महिन्यातही भरावं लागतं.

मला शिलाईचे जे काही साडेतीनशे रुपये द्यायचे, ते मी देणारच आहे. डिसेंबरात दिले तर ते रात्री बाराच्या जागरणाचे होतात, सप्टेंबरात दिले तर रिकाम्या हातांना काम म्हणून पोचतात. रक्कम तीच. लवकर खरेदीचे फायदे सांगताना लोक आपल्या सोयीचे सांगतात, भाव बरे मिळतात, गर्दी नसते वगैरे. तेही आहेतच. पण काउंटरच्या पलीकडच्या बाजूनं हा हिशेब मी तोवर कधी मांडून पाहिला नव्हता.

पुढे वाचनात आलं, की ही कल्पनाच मुळी काउंटरच्या पलीकडच्यांसाठी निघाली होती. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाताळच्या आधीचे आठवडे दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असत. विक्री करणाऱ्या मुली दिवसभर उभ्या, आणि घरोघर माल पोचवायला लहान पोरं रात्री-बेरात्री थंडीत हिंडायची. फ्लॉरेन्स केली नावाच्या बाईंनी याविरुद्ध आवाज उठवला. त्या 1899 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ग्राहक संघटनेच्या सरचिटणीस होत्या. 1903 मध्ये त्यांनी नाताळच्या या विटंबनेवर लेख लिहिला, आणि संघटनेनं गिऱ्हाइकांना विनवायला सुरुवात केली, की खरेदी लवकर करा, दिवसाउजेडी करा, म्हणजे या मुलाबाळांनाही सण मिळेल.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. दुकानदारांनी ती घोषणा आनंदानं उचलली, कारण लवकर खरेदी म्हणजे जास्त दिवस खरेदी! 1939 मध्ये तर अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण चक्क एक आठवडा अलीकडे आणला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही, आणि त्या वर्षी एकाच देशात तो सण दोन वेगवेगळ्या गुरुवारी साजरा झाला. गोंधळ मिटवायला शेवटी 1941 मध्ये कायदा करावा लागला. दमलेल्या मुलींसाठी निघालेली गोष्ट अशी गल्ल्यासाठी वापरली गेली. म्हणून मी "लवकर घ्या" म्हणते तेव्हा "जास्त घ्या" असं म्हणत नाही, हे ध्यानात असू द्या. यादीतली माणसं तेवढीच, रक्कम तेवढीच, फक्त महिना बदलायचा.

आता तुमच्यापैकी कित्येक जणी म्हणतील, "तुमचं ठीक आहे हो, पण सप्टेंबरात पैसे असतात कुणाकडे?" बरोबर आहे. गणपती नुकतेच झालेले, शाळेची फी गेलेली, बोनस दिवाळीला मिळायचा. आणि नाताळ करणाऱ्या घरांची एक जास्तीची पंचाईत असते. बोनस दिवाळीला हातात येतो आणि नाताळ उजाडेपर्यंत तो कुठे गेला ते कळत नाही.

याचं उत्तर मला माहेरी मिळालं. माझं माहेर अहिल्यानगरचं, तेव्हाचं अहमदनगर. आई शाळेत शिक्षिका. पगार बेताचा, आम्ही चार भावंडं, शिवाय आजी-आजोबा आणि एक आत्या. आईकडे एक लोखंडी ट्रंक होती, तिची किल्ली तिच्या मंगळसूत्राच्या शेजारीच गळ्यात असायची. दर महिन्याच्या पगारातून ती ट्रंकेत एक वस्तू टाकायची. फेब्रुवारीत एखादा पंचा, मार्चमध्ये आत्याच्या ब्लाउजचा पीस, जूनमध्ये शाळेच्या सामानाबरोबर कंपासपेटी. एका महिन्यात एका माणसाचं. डिसेंबर लागेपर्यंत ट्रंक भरलेली असायची, आणि आमच्या घरात नाताळला कधी कुणाकडून उसने पैसे आणलेले मला आठवत नाहीत. भेटी साध्या असायच्या, पण एकही माणूस सुटायचा नाही. शाळेतल्या शिपाईमामांचा रुमालसुद्धा त्या ट्रंकेतून निघायचा.

अशीच युक्ती अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या बँकेनं 1909 मध्ये काढली होती. दर आठवड्याला थोडी थोडी रक्कम भरायची आणि ती नाताळच्या तोंडावर एकदम मिळायची. "ख्रिसमस क्लब" म्हणून ती पुढे गावोगाव पसरली. आपल्याकडच्या बायकांना भिशी शिकवायला मात्र कुठल्या बँकेची गरज पडली नाही!

मी आईसारखी महिन्याला एक वस्तू घेत नाही, मला तेवढी शिस्त नाही. मी जानेवारीपासून महिन्याला हजार रुपये पोस्टातल्या खात्यात टाकते. सप्टेंबरअखेर नऊ हजार होतात. अकरा माणसं, म्हणजे माणशी आठशेच्या आसपास. त्यात कुणाला हजाराचं, कुणाला पाचशेचं असं जमवते. तुमचा आकडा याच्या चौथाईइतका असेल किंवा चौपट, रीत तीच. एकच पथ्य मात्र पाळावं लागतं. बोनस आला की "आता आणखी एक-एक छोटं काहीतरी" असं करून यादी पुन्हा उघडायची नाही. हे पथ्य मी दोनदा मोडलंय.

पैशाची सोय झाली तरी मोठा प्रश्न उरतोच. कुणाला काय घ्यायचं? आणि इथे लवकर सुरुवात करण्याचा जो उपयोग होतो, तो मला तरी सगळ्यांत मोलाचा वाटतो.

आम्ही सासूबाईंना दर नाताळला साडी देत होतो. 22 नाहीतर 23 डिसेंबरला घाईघाईत दादरला जाऊन आणलेली. त्या हसून घ्यायच्या, "कशाला एवढा खर्च" म्हणायच्या आणि कपाटात ठेवून द्यायच्या. एकदा कपाट आवरताना पाहिलं तर सात साड्या तशाच, लेबलासकट. त्या नेसत नव्हत्या कारण वयानुसार त्यांना सिंथेटिक अंगावर घसरतं, उकडतं. त्यांना हव्यात मऊ सुती साड्या. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. सात वर्षं!

अर्थशास्त्रज्ञ याचाही हिशेब मांडतात. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन प्राध्यापकानं 1993 मध्ये एक निबंध लिहिला. त्यानं विद्यार्थ्यांना विचारलं, की नाताळला मिळालेल्या वस्तूंसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते? उत्तरं पाहता भेटीच्या किमतीचा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग नुसता वाया जातो, असं त्याचं गणित निघालं. म्हणजे हजाराची वस्तू घेणाऱ्याच्या लेखी कधी नऊशेची, कधी साडेसहाशेची. प्राध्यापकमहाशयांनी सासूबाईंचं कपाट पाहिलं असतं तर त्यांचा आकडा आणखी वर गेला असता. तरी ते गणित मला पुरतं पटत नाही. आईनं ट्रंकेतून काढून दिलेल्या पंच्याची किंमत आजोबांना विचारली असती, तर त्यांनी काय सांगितलं असतं कोण जाणे. पण घाईत घेतलेली वस्तू बहुधा माणसासाठी नसते, यादीवर खूण करण्यासाठी असते, एवढं मात्र मला त्या सात साड्यांनी शिकवलं.

म्हणून आता मी जूनपासून कान उघडे ठेवते. माणसं आपल्याला काय हवंय ते सांगत नाहीत, पण बोलता बोलता निसटून जातं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, "सकाळच्या मिस्साला जाताना वाडीतून पायाखालचं दिसत नाही, जनावराची भीती वाटते." मी ते वहीत टिपून ठेवलं. नाताळला त्यांना चार्जिंगची हलकी बॅटरी दिली, मुठीत मावेल अशी, दोरी लावलेली. साडीच्या निम्म्या किमतीत आली. ती बॅटरी आता त्यांच्या उशाशी असते आणि शेजारच्या दोन आज्या तिच्या उजेडात त्यांच्याबरोबर चर्चला जातात. साडीनं आमच्या घरात असा मान कधी मिळवला नव्हता.

वही मात्र हवीच. डोक्यात ठेवीन म्हणाल तर राहत नाही. माझ्या वहीत प्रत्येकासाठी एक पान आहे. त्यावर मापं, आवडते-नावडते रंग, गेल्या वर्षी काय दिलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे सगळं असतं. शेवटचा रकाना सगळ्यांत बोलका. "दिराला पाकीट – वापरत नाही. नणंदेला कढई – रोज वापरते." नवरा या वहीला पोलीस ठाण्याचं रजिस्टर म्हणतो.

आता सगळंच लवकर घ्यावं असं मुळीच नाही. वाढत्या मुलांचे तयार कपडे आणि बूट सप्टेंबरात घेऊ नयेत, तीन महिन्यांत पाय बुटाबाहेर येतो. शिवून घ्यायचे असतील तर शिंप्याला शिलाईत आणि खालच्या दुमडीत दोन बोटं माया ठेवायला सांगावी, म्हणजे डिसेंबरात हवं तेवढं उसवता येतं. मिक्सर, इस्त्री, घड्याळ अशा वस्तूंची वॉरंटी बहुधा बिलाच्या तारखेपासून धरतात. तीन महिने कपाटात ठेवलेल्या मिक्सरची तीन महिन्यांची वॉरंटी कपाटानंच खाल्लेली असते, आणि बिघाड असेल तर तोही सण उजाडेपर्यंत कळत नाही. असं काही आधी घ्यायचंच असेल तर घरी आणल्याबरोबर एकदा चालवून पाहावं आणि मग पुन्हा खोक्यात घालावं. चॉकलेटांच्या वाटेला तर जाऊच नका. मी एकदा गेले होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती आतल्या आत पाघळली, पुन्हा घट्ट झाली, आणि नाताळला डबा उघडला तेव्हा प्रत्येकावर पांढुरकी बुरशी चढल्यासारखी दिसत होती. ती बुरशी नसते, चॉकलेटातलं लोणी वर येऊन तसा रंग दिसतो. पण हे पाहुण्यांना कसं समजावणार?

फराळाचं म्हणाल तर नेवऱ्या, कुलकुल ही सणाच्या आठवड्यातलीच कामं. केकसाठी सुका मेवा मात्र लवकर चिरून रममध्ये मुरत घालता येतो, आणि तो जितका मुरेल तितका चांगला. ज्यांच्याकडे रम चालत नाही त्या संत्र्याच्या रसात घालतात, पण तो फक्त एक-दोन दिवस आधी आणि फ्रीजमध्येच.

लवकर घ्यायच्या वस्तू म्हणजे सुती आणि रेशमी कापड, चादरी, स्टीलची भांडी, पुस्तकं, पितळी शोभेच्या वस्तू. रेशमी साडी घ्याल तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमटपणा आत कोंडतो आणि जर काळी पडते. जुन्या मलमलच्या धुतलेल्या तुकड्यात गुंडाळा आणि महिन्यातून एकदा घडी बदला. बिलं त्या त्या माणसाच्या पानाला टाचून ठेवा. बदलून देण्याची मुदत दुकानदाराला आधीच विचारा आणि बिलावर लिहून घ्या. "25 डिसेंबरनंतर आठ दिवस" असं लिहून देणारे दुकानदारही भेटतात, पण फक्त रिकाम्या दिवसांत. गर्दीत तुमचं ऐकणार कोण?

खेळण्यांसाठी मला बांद्र्याची जत्रा आवडते. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर मोत माउलीच्या डोंगरावर माणसांचा पूर लोटतो, म्हणजे गर्दी टाळायच्या माझ्या तत्त्वाला तिथे सुट्टी. पण मेणबत्त्या, कडियो-बोडियो आणि पोरांची खेळणी यांच्या मधून मुलांना हिंडवलं की कुणाचे डोळे कशावर खिळतात ते आपोआप कळतं. त्या वेळी काही घ्यायचं नाही. "पुढच्या वेळी बघू" म्हणून पुढे निघायचं, मुलांना नवऱ्याबरोबर सरबताच्या गाडीशी उभं करायचं आणि आपण परत जाऊन ती वस्तू पिशवीच्या तळाशी घालायची. नाताळपर्यंत मूल ते विसरून गेलेलं असतं, आणि भेट उघडताना त्याला एकदम आठवतं.

ती वस्तू लपवायची कुठे, हा वेगळाच प्रश्न. तांदळाच्या कोठीत, पोटमाळ्यावर, गादीच्या खोळीत, मी सगळं करून पाहिलंय. एका वर्षी भाच्यासाठी घेतलेली माउथ ऑर्गन इतकी छान लपवली की मलाच सापडली नाही. ऐन वेळी त्याला पाचशेची नोट पाकिटात घालून दिली. माउथ ऑर्गन ईस्टरच्या साफसफाईत जुन्या पडद्यांच्या बोचक्यातून निघाली. तेव्हापासून वहीत जागाही लिहिते, पण सांकेतिक भाषेत, कारण लेक आता वही वाचायला लागली आहे.

जी माणसं दूर आहेत त्यांचं काम तर सगळ्यांत आधी. धाकटे दीर मस्कतला असतात. त्यांच्यासाठी सासूबाई राजेळी केळ्यांची सुकेळी बांधून ठेवतात. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेलं कुणी तिकडे परत जात असेल तर त्याच्या बॅगेत पुडकं जातं. डिसेंबरात शोधायला लागलं तर तिकडून येणारे ढीगभर, जाणारा एक नाही. इंदूर, हैदराबाद, बडोदा अशा गावी तुमची माणसं असतील तर त्यांचंही पार्सल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच टाका. शेवटच्या आठवड्यात टपालाच्या खिडकीशीही तुमच्या-माझ्यासारखंच कुणीतरी वाकून बसलेलं असतं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पितृपक्ष सुरू झालेला असेल. माझी कापडं गेल्या बुधवारी दादांच्या दुकानात पोचली. त्यांचा मुलगा आता कॉलेजात जातो, सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर बसतो. त्यानंच लेकीची मापं वहीत उतरवली आणि "माया किती ठेवू?" म्हणून बापाच्याच सुरात विचारलं. 24 डिसेंबरच्या रात्री त्यांच्या दुकानाबाहेर आजही बायका उभ्या असतातच. गेल्या वर्षी मी चालत चर्चला जाताना मोजल्या, चार होत्या. त्यांतली एक आमच्या जाऊबाई.

माझ्या यादीतली अकरापैकी सात नावं खोडून झाली आहेत. दिवाळीनंतर आणखी तीन होतील. सासऱ्यांचं पान मात्र अजून कोरं आहे. त्यांना काही विचारलं तर "मला काय करायचंय" म्हणतात आणि वाडीत निघून जातात. परवा मात्र केळीचे घड उतरवून आले आणि कोयत्याची मूठ सैल झाली म्हणून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि वही उघडली.